नेमस्पेस गेली, टायमर मागे राहिला: लिनक्समधल्या कर्नल सॉकेटची एक केस

मार्च २०२४ मध्ये लिनक्सच्या टीसीपी कोडमध्ये एरिक ड्युमाझे यांचा एक पॅच गेला. पॅच छोटाच होता, एक नवीन फंक्शन, एक तपासणी आणि टीसीपी_क्लोज मध्ये दोन ओळी. पण त्यामागचा प्रॉब्लेम कित्येक वर्षं रेंगाळत होता. सिझबॉट नावाचा जो ऑटोमॅटिक फझर कर्नलवर सतत उलटसुलट सिस्टिम कॉल मारत बसतो त्याने वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे रिपोर्ट दिले होते आणि सगळ्यांचा सूर एकच, की नेटवर्क नेमस्पेस (म्हणजे कंटेनरसारख्यांना कर्नल देतो ते स्वतंत्र नेटवर्क) मोडून टाकली तरी तिच्यातल्या टीसीपी सॉकेटचा, म्हणजे कनेक्शनच्या टोकाचा, टायमर नंतर वाजतोय. मुद्दाम घडवून आणायला हा बग फार अवघड. शेवटी कर्नल डेव्हलपर जोसेफ बासिक यांच्याकडे तो जरा जास्त वेळा घडायला लागला, आणि ड्युमाझेंनी दोन वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेला पॅच त्यांना टेस्ट करता आला, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

ही केस नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण सॉकेट टायमरचा सगळा करार तिच्यात उघडा पडतो. कर्नलमध्ये स्वतःचं प्रोटोकॉल मॉड्यूल लिहिणारे बरेच जण हा करार अर्धाच वाचतात असं माझं मत आहे.

आधी टायमर कोणते ते बघू. प्रत्येक टीसीपी सॉकेटला तीन साधे टायमर असतात. पहिला रिट्रान्समिटचा. हा एकच टायमर चार कामं करतो, म्हणजे आरटीओ (पोच न आल्यास पॅकेट परत पाठवायची वेळ), झीरो विंडो प्रोब (समोरच्याचा बफर भरलेला असताना अधूनमधून विचारणा), टेल लॉस प्रोब (शेवटचं पॅकेट हरवलं का याची चाचपणी) आणि रीऑर्डरिंगचा टाइमआउट, आणि सध्या यातलं कोणतं काम बाकी आहे ते आयसीएसके_पेंडिंग या फील्डमध्ये लिहिलेलं असतं. दुसरा डिलेड अ‍ॅकचा, म्हणजे पॅकेट मिळाल्याची पोच जरा थांबून द्यायचा, आणि तिसरा कीपअलाइव्हचा, म्हणजे शांत कनेक्शन जिवंत आहे का ते बघायचा, जो २०२४ च्या कोडमध्ये सॉकेटच्या मूळ स्ट्रक्चरमध्येच एसके_टायमर म्हणून बसलेला होता. याशिवाय पेसिंग आणि कॉम्प्रेस्ड अ‍ॅक यांचे दोन हाय रिझोल्यूशन टायमर आहेत पण ते या गोष्टीत बाजूला ठेवू. वेळा म्हणाल तर किमान आरटीओ २०० मिलिसेकंद, कमाल १२० सेकंद, डिलेड अ‍ॅक साधारण ४० ते २०० मिलिसेकंद आणि कीपअलाइव्ह डिफॉल्टने ७२०० सेकंद म्हणजे दोन तास. हे आकडे लक्षात ठेवा, कारण नेमस्पेस मोडायला एवढा वेळ अजिबात लागत नाही.

एक गंमतीची गोष्ट अशी की अ‍ॅक आला की रिट्रान्समिट टायमर खरंच रद्द केला जातो असं बहुतेकांना वाटतं, पण कोड बघितला तर तिथे फक्त आयसीएसके_पेंडिंग शून्य करतात. टायमर व्हीलमध्ये, म्हणजे लावलेल्या टायमरांच्या कर्नलच्या यादीत, तसाच राहतो, त्याच्या वेळेला वाजतो, हँडलर (टायमर वाजल्यावर चालणारं फंक्शन) बघतो की काही बाकी नाही आणि परत जातो. वेळ पुढे ढकललेली दिसली तर स्वतःला परत लावून घेतो. प्रत्येक अ‍ॅकला टायमर काढा-घाला करणं महाग पडतं म्हणून ही युक्ती, आणि ती चांगलीच आहे, पण याचा अर्थ असा की सॉकेट वरून शांत दिसत असलं तरी त्याचा टायमर व्हीलमध्ये असू शकतो.

आता करार. टायमर लावायचा तो एसके_रिसेट_टायमर ने. हे फंक्शन आतून मॉड_टायमर बोलावतं, आणि मॉड_टायमर ने शून्य परत दिलं म्हणजे टायमर आधी चालू नव्हता, तर सॉकेटचा रेफरन्स, म्हणजे ते किती जणांनी धरलंय त्याचा आकडा, एकने वाढवतं. टायमर आधीच चालू असेल तर रेफरन्स आधीच घेतलेला आहे, परत घ्यायचा नाही. काढायचा तो एसके_स्टॉप_टायमर ने. तिथे उलटं, डेल_टायमर ने (नव्या कर्नलमध्ये याचं नाव टायमर_डिलीट) खरंच चालू टायमर काढला तरच रेफरन्स कमी करायचा. आणि टायमर वाजलाच तर हँडलर स्वतः शेवटी सॉक_पुट करतो, म्हणजे रेफरन्स परत देतो. थोडक्यात, लावलेल्या प्रत्येक टायमरकडे सॉकेटचा एक रेफरन्स असतो आणि तो एकदाच, कोणीतरी एकाच ठिकाणी परत करायचा असतो. टायमर लावलेला असताना किंवा हँडलर चालू असताना सॉकेटची मेमरी जाऊच शकत नाही. कुठल्याही मॉड्यूलमध्ये थेट मॉड_टायमर वापरून सॉकेटचा टायमर लावलेला दिसला की मी तिथेच थांबतो, कारण रेफरन्सचा हिशोब तिथे हाताने करावा लागतो आणि तो बहुतेक वेळा चुकलेला असतो.

हँडलर चालतो सॉफ्टआयआरक्यू मध्ये, म्हणजे इंटरप्टच्या मागोमाग कर्नल जी कामं उरकतो त्यात, आणि तिथे त्याला झोपता येत नाही. म्हणून तो सॉकेटचं स्पिनलॉक घेतो आणि बघतो की सॉकेट सध्या एखाद्या प्रोसेसच्या ताब्यात आहे का. नसेल तर काम करतो. असेल तर रिट्रान्समिटचा हँडलर एक डिफर्ड बिट लावतो, त्यासाठी आणखी एक रेफरन्स घेतो आणि निघून जातो. मग ती प्रोसेस रिलीज_सॉक करते, म्हणजे सॉकेट सोडते, तेव्हा उरलेलं काम तिथे होतं. कीपअलाइव्हचा हँडलर एवढं करत नाही, तो सरळ एचझेड (एका सेकंदातले टिक) भागिले २० एवढ्या वेळाने, म्हणजे ५० मिलिसेकंदांनी, परत येतो.

इथे केसचा पहिला धागा येतो. सॉकेट बंद होताना टायमर काढायला डेल_टायमर वापरतात, डेल_टायमर_सिंक नाही. फरक काय, तर डेल_टायमर फक्त व्हीलमध्ये वाट बघणारा टायमर काढतो. हँडलर दुसऱ्या सीपीयूवर आधीच सुरू झाला असेल तर त्याला तो हातही लावत नाही आणि त्याच्यासाठी थांबतही नाही. सिंकवाला मात्र हँडलर संपेपर्यंत थांबतो. मग नेहमी सिंकच का वापरत नाहीत? कारण टायमर काढणारा कोड बहुतेक वेळा सॉकेटचं लॉक धरूनच चाललेला असतो, आणि हँडलरला तेच लॉक हवं असतं. हा त्याच्यासाठी थांबलाय, तो याच्या लॉकसाठी फिरतोय, झाला डेडलॉक. त्यात हे टायमर काढायचं काम पॅकेट घेण्याच्या वाटेवरून पण होतं, जिथे थांबायची सोयच नसते. म्हणून टीसीपीने ठरवलं की थांबायचं नाही, हँडलरकडे रेफरन्स आहे ना, मग चालू दे त्याला सावकाश, सॉकेट जिवंत राहील.

युजर प्रोग्रामने उघडलेल्या सॉकेटसाठी हे बरोबर चालतं. टायमर सॉकेटला धरतो, सॉकेट नेमस्पेसला धरतं, सॉकेट पूर्ण नष्ट होतं तेव्हाच नेमस्पेसचा रेफरन्स सुटतो. साखळी अखंड आहे.

कर्नलने स्वतःसाठी उघडलेल्या सॉकेटमध्ये या साखळीची दुसरी कडी नाही, आणि ती मुद्दाम काढलेली आहे. कारण पण पटण्यासारखं आहे. प्रत्येक नेमस्पेसमध्ये कर्नल स्वतःची काही सॉकेट उघडतो, पूर्वी त्यात आयसीएमपीची, टीसीपीचा रीसेट पाठवायची वगैरे असायची. त्या सॉकेटनी नेमस्पेसला धरून ठेवलं तर नेमस्पेसचा काउंट कधीच शून्य होणार नाही, काउंट शून्य झाल्याशिवाय साफसफाई सुरू होणार नाही आणि साफसफाई झाल्याशिवाय ती सॉकेट बंद होणार नाहीत. म्हणजे नेमस्पेस अमर. पूर्वी यासाठी आधी रेफरन्स घ्यायचा आणि मग हळूच सोडायचा असा द्राविडी प्राणायाम होता. २०१५ मध्ये एरिक बिडरमन यांनी तो साफ केला आणि ४.२ पासून सरळ नियम झाला की कर्नल सॉकेट बनवताना एसके_नेट_रेफकाउंट हे बिट शून्य ठेवायचं आणि नेमस्पेसचा रेफरन्स घ्यायचाच नाही. त्या बदल्यात अट अशी की नेमस्पेस मोडताना मॉड्यूलच्या एक्झिट हँडलरमध्ये ती सॉकेट बंद करून टाकायची जबाबदारी मॉड्यूलची.

अट वाचायला पुरेशी वाटते. पण सॉकेट बंद करणं आणि त्या सॉकेटचा सगळा कोड चालून संपलेला असणं यात अंतर आहे, आणि ही अख्खी केस त्या अंतरात घडते. एक्झिट हँडलरने सॉकेट बंद केलं, डेल_टायमर झालं, हँडलर दुसऱ्या सीपीयूवर चालू होता तो राहिला. किंवा त्याहून सोपी वाट, मॉड्यूलने सॉकेट आधीच, नेमस्पेस जिवंत असताना बंद केलं होतं, फिन (कनेक्शन संपवायचा निरोप) पाठवली गेली, समोरून उत्तर आलं नाही, आणि सॉकेट अनाथ होऊन फिन_वेट१ मध्ये, म्हणजे फिनच्या पोचेची वाट बघत, रिट्रान्समिट टायमर लावून बसलं. सॉकेटची मेमरी शाबूत आहे कारण टायमरचा रेफरन्स आहे. नेमस्पेस मात्र कोणी धरलेलीच नाही, ती गेली. मग टायमर वाजतो आणि हँडलर काय काय वाचतो बघा: किती वेळा परत पाठवायचं ते नेमस्पेसच्या सिससीटीएल सेटिंगमध्ये, टाइमआउट झाल्याची नोंद करायची ती नेमस्पेसच्या काउंटरमध्ये. वाचताना चूक झाली तर केएसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) ओरडतो, यूज आफ्टर फ्री, म्हणजे सोडून दिलेल्या मेमरीचा वापर, दिसतं. काउंटर वाढवणं हे मात्र लिहिणं आहे, ते दुसऱ्याला दिलेल्या मेमरीत जाऊन लिहितं आणि क्रॅश भलतीकडेच होतो. स्टॅक ट्रेसमध्ये दोषी मॉड्यूलचं नावही नसतं, दिसतो फक्त टीसीपीचा टायमर आणि सॉफ्टआयआरक्यू. रिपोर्ट वर्षानुवर्षं विखुरलेले का राहिले त्याचं उत्तर यातच आहे.

याच्या आधी प्रयत्न झाले नव्हते असं नाही. जानेवारी २०१८ मध्ये एक पॅच आला होता, त्यात सॉकेट बंद करताना आणि टायमरच्या एका वाटेवर चेक_नेट ने नेमस्पेस मरायला टेकली आहे का ते बघायचं आणि असेल तर फिनची वाट न बघता सॉकेट सरळ क्लोज स्थितीत टाकायचं. त्याचं निमित्त वेगळं होतं. ही अनाथ सॉकेट लूपबॅक डिव्हाइसला अडकवून ठेवायची आणि कंटेनर बंद करणाऱ्यांना लॉगमध्ये लो (म्हणजे लूपबॅक) मोकळा होण्याची वाट बघतोय असा मेसेज परत परत दिसायचा. तो त्रास कमी झाला, पण चेक_नेट बघायलाच जर तुम्ही गेलेल्या नेमस्पेसचा पॉइंटर वापरत असाल तर तपासणीचा उपयोग काय, हा प्रश्न तसाच राहिला. मग २०२२ मध्ये तेत्सुओ हांडा यांनी आरडीएस प्रोटोकॉलपुरता उपाय केला, त्याच्या टीसीपी सॉकेटना नेमस्पेसचा रेफरन्स हाताने घ्यायला लावला. तसाच कोड एसएमसी आणि एमपीटीसीपी या प्रोटोकॉलमध्ये पण दिसतो. म्हणजे एकच दुखणं आणि प्रत्येक मॉड्यूलमध्ये आपापली पट्टी.

२०२४ चा पॅच मुळाशी, टीसीपीमध्येच गेला. त्यात टायमर सिंक पद्धतीने काढणारं फंक्शन आहे, आणि ते टीसीपी_क्लोज मध्ये अगदी नेमक्या जागी बोलावलंय. आधी लॉक_सॉक, मग प्रत्यक्ष बंद करण्याचं काम, मग रिलीज_सॉक, आणि त्यानंतर, म्हणजे लॉक सुटल्यावर, एसके_नेट_रेफकाउंट शून्य असेल तरच सिंक, आणि सगळ्यात शेवटी सॉक_पुट. हा क्रम मला फार आवडतो. लॉक सुटल्यानंतर सिंक केल्यामुळे डेडलॉक नाही. रिलीज_सॉक आधी झाल्यामुळे डिफर्ड बिट लावून ठेवलेलं काम तिथेच उरकलं जातं आणि त्या कामाने परत टायमर लावला तर तोही पुढच्या सिंकमध्ये सापडतो. सॉक_पुट शेवटी असल्यामुळे तोवर सॉकेट हातात आहे. यातली एक जरी ओळ वरखाली केली तरी काहीतरी तुटतं. शिवाय सॉक_नॉट_ओन्ड_बाय_मी अशी एक तपासणी घातली, की लॉकडेप (लॉकच्या वापरातल्या चुका पकडणारं साधन) चालू असलेल्या कर्नलवर कोणी लॉक धरून हे फंक्शन बोलावलं तर लगेच बोंब होईल. नियम कमेंटमध्ये लिहून सोडण्यापेक्षा तो मशीनने तपासणं कधीही चांगलं.

युजर सॉकेटना हा खर्च पडत नाही, ते आधीसारखेच थांबल्याशिवाय बंद होतात. कर्नल सॉकेटला मात्र किंमत आहे आणि ती सांगितली पाहिजे: बंद केल्यावर टायमर काढून टाकले म्हणजे फिन वाटेत हरवली तर ती परत पाठवायला टायमर उरत नाही. समोरचा बिचारा कनेक्शन उघडंच धरून बसू शकतो. मेलेल्या नेमस्पेसला हात लावण्यापेक्षा हे परवडलं, पण ज्या मॉड्यूलला नीट निरोप घेऊन बंद व्हायचंय त्याने ते टीसीपी_क्लोज च्या आधीच उरकायला हवं.

प्रकरण इथे मिटलं असं वाटेल, पण सिंकची हमी त्या क्षणापुरती असते. सिंक झालं, हँडलर संपला, व्हील रिकामं, ठीक. सॉकेट मात्र अजून फिन_वेट१ मध्ये असू शकतं आणि हॅश टेबलमध्ये सापडतं. समोरून एखादा अ‍ॅक आला तर तो कोड टायमर परत लावू शकतो. म्हणजे मॉड्यूलला नेमस्पेसपेक्षा जास्त जगणारी कनेक्शन ठेवायची असतील तर टायमर काढून भागत नाही, नेमस्पेस धरावीच लागते. २०२४ च्या उत्तरार्धात सनआरपीसी मध्ये, म्हणजे एनएफएस ही नेटवर्कवरची फाइल सिस्टिम ज्यावर चालते तिथे, केएसॅनने नेमकं टीसीपी_राइट_टायमर_हँडलर मध्येच यूज आफ्टर फ्री पकडलं, आणि उपाय केला तो सॉकेटला नेमस्पेसचा रेफरन्स देण्याचा. त्याच सुमाराला एसएमबी (विंडोजच्या पद्धतीचं फाइल शेअरिंग) क्लायंटमध्येही तसंच. तिथे कुबरनेटीसवर पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा गट) मरताना क्वचित कधीतरी ऊप्स, म्हणजे कर्नलमधला क्रॅश, यायचा, कारण पॉडच्या नेमस्पेसमध्ये माउंट केलेलं सर्व्हरचं कनेक्शन पॉडनंतरही जोडायचा प्रयत्न करत होतं.

हा रेफरन्स द्यायची पद्धत मात्र प्रत्येकाने हातानेच केली, सॉकेट बनल्यावर एसके_नेट_रेफकाउंट चं बिट एक करायचं, नेमस्पेसचा काउंट वाढवायचा, वापरातल्या सॉकेटचा आकडा वाढवायचा. आणि आता वरची अट आठवा: ते बिट एक असेल तर टीसीपी_क्लोज सिंक करत नाही. बरोबरच आहे, कारण नेमस्पेस धरलेली आहे. पण एसएमबीच्या बाबतीत त्यातून नवीन भानगड निघाली. मॉड्यूल काढून टाकलं, टायमर अजून चालू होते, आणि मॉड्यूलने त्या सॉकेटच्या लॉकला लॉकडेपसाठी स्वतःची क्लास की (लॉकची ओळख) दिलेली होती, जी मॉड्यूलच्याच मेमरीत होती. मॉड्यूल गेलं, त्याच्याबरोबर ती क्लास की पण गेली, टायमर वाजला, हँडलरने लॉक घ्यायला हात घातला आणि लॉकडेपच कोसळलं. आधी नेमस्पेस मागे राहिलेल्या टायमरच्या पायाखालून निघून गेली होती, इथे मॉड्यूल गेलं. २०२५ मध्ये दोन्हीला नीट उत्तरं आली. हाताने करायच्या त्या तीन-चार ओळींऐवजी एसके_नेट_रेफकाउंट_अपग्रेड हे एकच फंक्शन, आणि लॉकची क्लास देणाऱ्या मॉड्यूलला सॉकेटने धरून ठेवावं यासाठी सॉकेटमध्येच एसके_ओनर हे फील्ड.

म्हणून एखाद्या मॉड्यूलमधले टायमर तपासताना मी हँडलर उघडतो आणि त्यातला प्रत्येक पॉइंटर घेऊन एकच प्रश्न विचारतो, की हे कोणी धरलंय. सॉकेट? टायमरने. नेमस्पेस? सॉकेटने, पण बिट एक असेल तरच. फंक्शनचा कोड ज्या मॉड्यूलमध्ये आहे ते? लॉकची क्लास? एखाद्या प्रश्नाला कोणीच नाही असं उत्तर आलं तर तिथे एक तर रेफरन्स लागतो नाहीतर सिंक.

इथे एक मोह होतो त्याबद्दल सांगतो. ६.२ पासून कर्नलमध्ये टायमर_शटडाउन_सिंक आलंय, त्याने बंद केलेला टायमर परत लावताच येत नाही, मॉड_टायमर गुपचूप दुर्लक्ष करतं. वर जो परत लावण्याचा प्रॉब्लेम सांगितला त्यावर हाच रामबाण वाटतो. पण मॉड_टायमर अशा वेळी परत काय देतं, तर शून्य. आणि एसके_रिसेट_टायमर शून्याचा अर्थ लावतं की टायमर नवीन लागला, म्हणून सॉकेटचा रेफरन्स घेतं. टायमर तर लागलेला नाही, मग तो रेफरन्स परत करणारा हँडलर कधी चालणारच नाही, आणि सॉकेट कायमचं लीक. दोन्ही फंक्शनं आपापल्या जागी बरोबर आहेत, एकत्र आणली की घात. सॉकेटच्या टायमरवर शटडाउन वापरायचंच असेल तर लावण्याच्या वाटेवर आधी सॉकेट मेलंय का ते लॉकखाली बघा, आणि मगच एसके_रिसेट_टायमर पर्यंत जा.

हा प्रकार आपल्या मशीनवर बघायचा तर केएसॅन आणि लॉकडेप दोन्ही चालू असलेला, वरच्या दुरुस्त्यांच्या आधीचा कर्नल घ्या, वेगळ्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये कर्नल सॉकेट वापरणारं काहीतरी उभं करा, एनएफएस माउंट चालेल, आणि समोरून येणारी अ‍ॅक पॅकेट फायरवॉलने टाकून द्या म्हणजे रिट्रान्समिट टायमर लागलेला राहील. एसएस कमांडला टायमर दाखवायचा ओ पर्याय दिला की कोणत्या सॉकेटवर कोणता टायमर आहे आणि किती वेळ उरलाय ते दिसतं. रिट्रान्समिटला तिथे ऑन लिहिलेलं असतं, झीरो विंडो प्रोबला पर्सिस्ट. तो आकडा उतरत असतानाच नेमस्पेस काढा. हे दोन-चारदा करून काही दिसलं नाही म्हणून कोड सुरक्षित आहे असं समजू नका, लूपमध्ये टाका, वेगवेगळ्या सीपीयूवर भार देऊन चालवा, आणि आरटीओ दुपटीने वाढत १२० सेकंदांपर्यंत जातो हे धरून नेमस्पेस काढल्यावरही मशीन काही मिनिटं तसंच चालू राहू द्या.